तीन शिट्ट्यांचा नियम

रविवार, २ फेब्रुवारी

पुण्याच्या सहलवाल्या बाईनं फोनवर सांगतलं, गटप्रमुखानं वहीत नोंद ठेवली पायजे. कोण किती चाललं, कोणाले धाप लागली, काय चुकलं, सगळं खरंखरं. मी म्हटलं, बाई, सत्तावीस वर्षं शाळेत पी.टी.चा मास्तर होतो, नोंदी मले शिकवू नका. तं ती हसली. म्हणते, "किती गोड बोलता हो सर तुम्ही, अगदी गावाकडचं." माहं टाळकं सरकलं. फोन ठेवला आणि चहाचा कप भिंतीवर गेला. गेला म्हणजे मीच फेकला. खरंखरं लिहा म्हणाली, मंग घे.

तं नोंद अशी. मी भागवत, राहणार लोणार. एप्रिलच्या वीस तारखेले बारा लोकाईचा गट घेऊन बाली बेटावर जाणार आहो. तिथं बातूर नावाचा डोंगर आहे, सतराशे सतरा मीटर, जिवंत ज्वालामुखी. भोवती कडा आणि मधात तळं, आपल्या लोणारसारखंच. फरक इतकाच, की आपल्या इथं वरून दगड येऊन पडला आणि तिथं अजून खालून निघून राह्यलं. वरच्या भेगांतून वाफ येते, त्या वाफेवर तिथले वाटाडे अंडी उकडून देतात म्हणे.

शाळा सुटली त्याले दोन वर्षं झाली. एका पोट्ट्याच्या कानावर जराशी जास्त बसली, त्याचा पडदा फाटला. संस्थेचे लोक म्हणाले, सर, तुम्हीच अर्ज द्या, उगाच बोभाटा नको. तेव्हापासून रस्त्यात लोक 'नमस्कार सर' म्हणतात, पण थांबत नाहीत. बातूरवरून गट सुखरूप उतरवून आणला, की थांबतील. मले एवढंच पायजे.

रविवार, ९ फेब्रुवारी

पहिला सराव. सकाळी सहाले काठावर जमलो. विवरात उतरून कमळजादेवीच्या देवळापर्यंत जायचं आणि परत वर चढायचं. अकरा जण आले आणि मी बारावा. बारा पुरे होत नव्हते म्हणून बायकोचं, पुष्पांजलीचं, नाव मीच टाकलं. बायकोले काय विचारायचं त्यात. पोळ्या लाटणारी बाई, निम्म्या डोंगरावरून परत येईल, पण आकडा तं भरला.

बाकीच्यांत तिघं कामाचे. प्रसेनजित, मेहकरात ढोराईचा डॉक्टर आहे. सातवीत माह्या हातच्या छड्या खाल्ल्या म्हणून डॉक्टर झाला. मयुरी, मेहकरच्याच सरकारी दवाखान्यात नर्स. आणि उकंडराव, एकसष्ट वर्षांचे, मेहकरकडचे मोठे जमीनदार, पोट त्याईच्या आधी पोचते. त्याईनं पहिलाच प्रश्न टाकला, "सर, आपलं लोणार बी ज्वालामुखीच होय नं?" मी म्हटलं, उकंडराव, सारा जन्म या मुलखात गेला तुमचा, अन् अजून तुम्हाले हेच माहीत नाही?

नियम सांगतले. नियम एक, सरांच्या पुढं जायचं नाही. नियम दोन, एक शिट्टी म्हणजे जाग्यावर थांबा. नियम तीन, दोन शिट्ट्या म्हणजे माघारी फिरा. नियम चार, तीन शिट्ट्या झाल्या की हातातलं टाका आणि ज्यानं वाजवली त्याच्याकडं धावत जा. कोण आहे पाहायचं नाही, काऊन वाजवली विचारायचं नाही. तिथं जमीन फुटली तं विचारपूस कराले येळ नसते.

प्रसेनजित म्हणते, "पण सर, कोणी उगाच वाजवली तं?"

सगळ्यांसमोर त्याच्या मानेवर एक ठेवून दिली. चष्मा खाली पडला. छत्तीस वर्षांचा माणूस, पण विद्यार्थी तो विद्यार्थीच. त्यानं चष्मा उचलला, सदऱ्याले पुसला आणि डोळ्यावर चढवला. शिस्त अशीच लागते. मंग तीन शिट्ट्यांचा सराव घेतला. घड्याळावर एक मिनिट पन्नास सेकंद. इतक्यात माणूस भाजून निघेल.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आता आमी घरचे रोज उतरतो. आज चढताना शेवटच्या वळणावर मले धाप लागली, दगडावर हात टेकून उभा राह्यलो. वर पाह्यलं तं पुष्पांजली काठावर उभी. लुगड्याचा पदर खोचलेला, तोंडावर घाम नाही. तिथून म्हणते, "हळू या. घाई नाही."

मले हळू या म्हणते. खाली दोन पर्यटक बी ऐकून राह्यले होते.

घरी आल्यावर विचारलं, नियम एक काय आहे? ती म्हणाली, "पाय आपोआप गेले जी." हात पिरगाळला. जास्त नाही, नियम ध्यानात राहावा इतकाच. तिनं मंग डाव्या हातानं भाजी ढवळली.

रविवार, २३ फेब्रुवारी

मयुरीनं पुष्पांजलीचं मनगट पाह्यलं. दारात सापडलं, असं पुष्पांजलीनं सांगतलं. मयुरी मनगट धरून लय वेळ उभी होती. नर्स लोकाईले असं काही दिसलं की सोडवत नाही. मंग माह्याकडं वळून म्हणते, "सर, दाराले सांगा जरा जपून." चावट पोट्टी आहे.

पुष्पांजली पुढं पळते यावर मी तोडगा काढला. तिले गटाची शेपूट केली. शेपूट म्हणजे सगळ्यात शेवटी चालणारा माणूस, कोणी मागं राहू नये म्हणून. शेपटाजवळ शिट्टी पायजेच, तं माही जुनी पितळेची तिच्या गळ्यात घातली. आता राहा मागं.

रविवार, ९ मार्च

शिट्टी वाजवता येईना तिले. फूफू करून राह्यली, आवाज पार बसलेला. सगळे ताटकळत उभे. मी ओरडलो, पोटातून फुंक. लाजते काय? जीव जाऊन राह्यला तं असंच वाजवशील का लाजत? चौथ्यांदा वाजवली तेव्हा देवळावरचे माकडं उड्या मारत पळाले. उकंडराव म्हणाले, "वहिनी, आता माही म्हैस बी मेहकरावरून येईल." सगळे हसले. पुष्पांजली बी हसली. तिले हसताना मी कवा पाह्यलं होतं, आठवत नाही.

बावन्न सेकंद. सुधारणा आहे.

रविवार, १६ मार्च

काठावरच्या रस्त्यानं येताना एका मोटारसायकलवाल्यानं मागून हॉर्न दिला. लागोपाठ तीनदा. सगळा गट रांगेत चालून राह्यला, हे दिसत नाही काय त्याले? कॉलर धरून खाली ओढला, गाडी त्याच्या पायावर पडली. नाक फुटलं त्याचं, माह्या सदऱ्यावर थेंब उडाले. दोन बुक्के अजून घातले असते, पण प्रसेनजित मधात आला. दोन्ही हात पसरून नुसता उभा राह्यला, बैल आवरताना उभे राहतात तसा.

परत फिरलो. मी म्हटलं, गटासाठी केलं बे मी हे. उकंडराव म्हणाले, "हाव सर." एवढंच.

चालताना मागं पाह्यलं तं सगळे शेपटाजवळ गोळा झाले होते. पुढं मी एकटाच.

रविवार, २३ मार्च

पुण्यावरून फॉर्म आले. ज्यानं त्यानं आपल्या हातानं भरायचे. वय, आजार, औषधं. शेवटी एक प्रश्न, 'या सहलीत तुम्हाला सगळ्यात जास्त धोका कशाचा वाटतो?' सराव झाल्यावर सगळे आमच्या अंगणात बसून लिहीत होते. मी म्हटलं, आणा, पाठवायच्या आधी तपासून घेतो. लाल पेन खिशात असतोच.

मोठ्यानं वाचत गेलो. प्रसेनजितनं लिहिलं, विषारी वायूचा. कोणी लिहिलं, अंधारात घसरण्याचा. उकंडरावांनी लिहिलं, तिथल्या जेवणाचा. हसलो आमी. मंग पुष्पांजलीचा कागद आला. प्रश्नाखाली एकच शब्द. 'यांचा.'

मी मोठ्यानं वाचलं, "यांचा." मंग म्हटलं, कोणाचा? दहावी झालेली बाई, एक वाक्य पुरं लिहिता येत नाही. आता यांचा म्हणजे वायूचा, का दगडांचा, का भेगांचा? पुण्याच्या बाईले काय कळंल?

कोणी हसलं नाही. उकंडराव आपल्या बुटाकडं पाहून राह्यले होते. प्रसेनजितनं चष्मा काढला. मयुरी उठून पाणी प्याले गेली. बायकोचं अडाणीपण असं चारचौघांत काढायले नको होतं, लोकाईले अवघडल्यासारखं झालं असंल. पण मास्तरकी जात नाही. लाल पेनानं लिहिलं, 'वाक्य पूर्ण करा. कोणाचा?' आणि कागद तिले परत दिला.

तिनं तो चार घड्या करून ब्लाउजात ठेवला. म्हणाली, "करते पुरं."

रविवार, ३० मार्च

पाडवा. सराव नाही. गुढी उभारली, कडूनिंबाचा पाला खाल्ला.

मयुरीचे फोन लय वाढले. रोज दुपारी. मी खोलीत गेलो की पुष्पांजली 'हो, हो' करून ठेवते. आज मी म्हटलं, काय बोलता एवढं? ती म्हणते, "शिट्टीचं." शिट्टीचं काय बोलाले असते रोज? फोन घेतला आणि वरवंट्यानं ठेचला. काच पार बारीक झाली, एक कपची तिच्या गालाले लागली. मीच हळद लावून दिली. मी वाईट माणूस नाही. राग येते आणि जाते. ज्याच्यावर निघते त्यानं तेवढं दोन मिनिटं सोसलं, की सगळं नीट असते.

हळद लावून राह्यलो तं तिचा हात गळ्यातल्या शिट्टीवर होता. घरात काऊन घालते, विचारलं नाही.

रविवार, ६ एप्रिल

आज एक गोष्ट ध्यानात आली, ती लिहून ठेवतो.

तीन शिट्ट्यांचा सराव दोनदा घेतला. आधी मी वाजवली. सत्तेचाळीस सेकंद. मंग पुष्पांजलीनं. एकोणतीस. अंतर तेवढंच, माणसं तेच, ऊन उलट वाढलेलं. पुन्हा घेतला. माही पन्नास, तिची सव्वीस. उकंडराव, एकसष्ट वर्षांचा गडी, काट्यांतून पळत गेला तिच्याकडं, धोतर फाटलं.

मी विचारलं, नियम एकच आहे नं? मंग फरक काऊन? कोणी उत्तर दिलं नाही. मी उकंडरावांच्या हातची काठी घेतली आणि दगडावर आपटून मोडली. उकंडरावांनी दोन्ही तुकडे उचलून बगलेत धरले.

मयुरीनं जाता जाता माहं ब्लडप्रेशर मोजलं. आकडा मले सांगतला नाही, वहीत लिहून घेतला.

मंगळवार, १५ एप्रिल

परवाच्या दिवसाची नोंद आज करून राह्यलो. डाव्या डोळ्यानं नीट दिसत नाही आणि बोटं सुजली आहेत, अक्षराले नाव ठेवू नका.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांना अंगणात बोलावलं होतं. पिशव्या तपासायच्या होत्या. बारा पिशव्या रांगेत, समोर ज्याचा तो माणूस. विजेऱ्या, सॉक्स, औषधं. मी एकेक तपासत पाचव्या पिशवीपर्यंत आलो आणि पुण्याच्या बाईचा फोन आला. या खेपेले गोड काही बोलली नाही. म्हणाली, "सर, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या मिसेसचा फॉर्म आम्हाला पोस्टानं आला. आम्हाला गटप्रमुख बदलावा लागेल."

मी म्हटलं, काय लिहिलं तिनं?

तिनं वाचून दाखवलं. 'मला सगळ्यात जास्त धोका यांचा वाटतो. यांचा म्हणजे माझे पती श्री. भागवत यांचा. सरांनी वाक्य पूर्ण करायला सांगितले म्हणून पूर्ण केले आहे.'

तवा कळलं. तीन आठवड्यांनी. सत्तावीस वर्षांत हजारो पोट्टे शिकवले, आणि घरची बाई नवऱ्याले 'हे' म्हणते, 'यांचा' म्हणते, हे मले सुचलं नाही. मी स्वतःच्या तोंडानं सगळ्यांसमोर वाचलं होतं. त्याईले तेव्हाच कळलं होतं. सगळ्यांना. म्हणून बुटाकडं पाहत होते.

मी घरात गेलो. चढायची काठी हातातच होती, खाली लोखंडी टोक असते ती. पुष्पांजली स्वयंपाकघरात प्रवासाच्या दशम्या फडक्यात बांधून राह्यली होती. माह्याकडं पाह्यलं आणि गाठ मारायची थांबली. पहिली पाठीवर मारली. दुसरी हातावर, तिनं तो आडवा धरला होता म्हणून. तिसरीले ती ओट्यावर पडली, भुवई फुटली, दशम्यांवर रक्त सांडलं. लाल झालेल्या दशम्या पाहून मले अजून राग आला. चौथी डोक्यावर मारणार होतो. खरंखरं लिहा म्हणाली होती ती बाई, म्हणून लिहितो. डोक्यावरच.

तिनं शिट्टी वाजवली. पोटातून, मी शिकवली तशी. तीनदा.

मोजायची सवय मेली जात नाही. काठी वर होती आणि मनात आकडे चालू. सातले दार उघडलं. सात. दहाच्या दहा, एकाच वेळी, दाराची चौकट हलली. उकंडरावांच्या पायात एकच बूट होता. कोणाच्या हातात काही नव्हतं, सगळं अंगणात टाकून आले होते. कोणी कोणाले काही विचारलं नाही.

प्रसेनजितनं काठी हिसकली आणि मले भिंतीवर आपटलं. मी त्याच्या बरगडीत कोपर मारलं, त्यानं बुक्की घातली, डोळ्यासमोर अंधारी आली. दात हलला. खाली पडलो तं उकंडराव छातीवर बसले, पूर्ण वजनानं, श्वास बंद. मी ओरडलो, अबे मी तुमचा सर आहे. प्रसेनजितनं वरून पाह्यलं. चष्मा नव्हता त्याच्या डोळ्यावर. म्हणाला, "नियम चार आहे, सर."

मयुरीनं पुष्पांजलीच्या भुवईवर फडकं दाबून धरलं होतं. मंग एका बाईले ते धराले सांगतलं आणि माह्याकडं आली. माही नाडी पाहिली, तोंड पुसलं. मी म्हटलं, मयुरी, तू तरी सांग याईले. ती म्हणाली, "दातानं ओठ फाटलाय. हलू नका."

पुष्पांजली चालत बाहेर गेली, एक हात मयुरीच्या खांद्यावर. माह्या जवळून गेली. थांबली नाही.

पोलीस आले. एक रात्र आत ठेवलं, काल जामीन झाला. ती मेहकरले मयुरीकडं आहे, तिच्या जवळ जायचं नाही असं कागदावर लिहून घेतलं. तिच्या भुवईले तीन टाके पडले, असं शेजारच्या कोकिळाबाईनं कुंपणावरून सांगतलं. मी विचारलं नव्हतं.

चूक कुठं झाली याचा आज दिवसभर विचार केला. नियम चार लिहितानाच चुकलं. 'गटप्रमुखाच्या विरुद्ध लागू नाही' एवढं एक वाक्य टाकायले पायजे होतं.

रविवार, २० एप्रिल

आज गट गेला. पहाटे मेहकरवरून गाडी निघाली. बाराचे अकरा झाले, कंपनीनं चालवून घेतलं. पुढं प्रसेनजित, मागं शेपूट पुष्पांजलीच. शिट्टी तिच्याकडंच आहे. कोकिळाबाईनं सांगतलं, उकंडरावांनी नवं धोतर घेतलं.

सकाळी चहा केला. दूध नासलं. घर लय मोठं झालं एकाएकी. भिंतीवर फेब्रुवारीतल्या कपाचा डाग आहे, पुष्पांजलीनं घासला होता तरी राह्यला. ओट्याखाली एक दशमी सापडली, वाळून कडक झालेली. पुसलं नव्हतं म्हणून त्यावर रक्त तसंच होतं. बाहेर नेऊन टाकली, पण परत येऊन खाली बसलो तं उठता येईना. मले भीती वाटली. एवढ्या वर्षांत दुसऱ्याले वाटताना पाह्यली होती, मले कधी वाटली नव्हती.

शाळेतली दुसरी एक शिट्टी कपाटात होती, प्लास्टिकची. ती घेऊन अंगणात गेलो. बारा पिशव्यांच्या जागी फरशीवर अजून खडूनं आकडे आहेत, मीच टाकले होते. पाच नंबरवर उभा राह्यलो, घड्याळ लावलं आणि तीन शिट्ट्या दिल्या. पोटातून.

रस्त्यावरून दोघं जण जाऊन राह्यले होते, माह्याच शाळेतले जुने विद्यार्थी. 'नमस्कार सर' म्हणाले आणि पुढं गेले. कोकिळाबाई दारात आली, पाह्यलं, आत गेली. कडी लावल्याचा आवाज आला.

तीन मिनिटं थांबलो. मंग घड्याळ बंद केलं.